घोड्याला पाऊस डोंगरावर

बास्केटबॉलच्या हंगामाचं भविष्य मी सांगितलं, असं सिरसाळ्यात आता लहानथोर सगळे मानतात. माझं म्हणणं असं, की मी काहीच सांगितलं नाही, मी फक्त वाचलं. पण हे म्हणणं मी एकदाच मांडलं, तेही हळू आवाजात, आणि नेमका त्याच वेळी शेजारून ट्रॅक्टर गेला.

वाचणं हा माझा आयुष्यभराचा धंदा. गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. माणसांशी बोलायची वेळ आली की मला तिसऱ्या शब्दाला घाम फुटतो, पण हातात छापील कागद असला की आवाज खणखणीत निघतो. म्हणून मठाच्या स्वामींची नजर अधू झाल्यापासून पाडव्याला महादेवाच्या देवळापुढे पंचांग मी वाचतो. कुठल्या नक्षत्राचं वाहन कोणतं आणि पाऊस किती, एवढंच ऐकायला गाव जमतं. बेडूक, म्हैस, हत्ती असले की पाऊस भरपूर. मोर, गाढव, उंदीर असले की मध्यम. कोल्हा किंवा मेंढा असला की ओढ. आणि घोडा असला की पाऊस डोंगरावर. यातलं एक अक्षर माझं नाही. पण गेल्या वर्षी हस्ताला म्हैस निघाली आणि हस्त असा कोसळला की बाजारतळावर गुडघाभर पाणी साचलं. गावानं याचं श्रेय छापखान्याला द्यायचं सोडून मला दिलं.

माझा मुलगा अमरनाथ याचं खत-बियाण्याचं दुकान आहे. तो माझं दुसरं काहीही ऐकत नाही. मी म्हटलं छत्री ने, तर नेणार नाही. पण पाडव्याला मी वाचतो त्यावर तो बियाणं भरतो.

हे सगळं ओळखून असलेली एकच व्यक्ती, त्याची मुलगी ईश्वरी. ही सहा फूट उंच आहे. एवढी उंची कुणाकडून आली यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. नागपूरला शिकता शिकता ती बास्केटबॉल खेळायला लागली, आणि यंदा मुलींची जी नवी व्यावसायिक लीग निघाली, तिच्यातल्या 'नागपूर मस्टँग्ज' या संघानं तिला घेतलं. अमरनाथनं परवानगी दिली, पण अट घालून. एक हंगाम खेळायचं. आठ संघांत तिचा संघ तळाला राहिला, तर सामान बांधून घरी यायचं आणि लातूरचं स्थळ बघायचं. लातूरच्या मंडळींना तसा शब्दही देऊन टाकला.

पाडव्याच्या आधी ईश्वरीचा फोन आला.

"आप्पा, पंचांग वाचून झालं की आमच्या हंगामाबद्दल दोन शब्द चांगले बोला ना. बाबा तुमचंच ऐकतात."

"पण बाळ, त्या खेळातलं मला काही..."

"कळायला कशाला पाहिजे? पावसातलं तरी कुठं कळतं तुम्हाला?"

बघतो म्हणून मी फोन ठेवला.

आता खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. म्हणजे इच्छा होते, पण जमत नाही. म्हणून मी ठरवलं की रीतसर अभ्यास करायचा आणि आठही संघांचा अंदाज लिहून काढायचा. लिहिलेलं वाचून दाखवायला मी घाबरत नाही. वाचनालयात शारीरिक शिक्षणाचं एकच पुस्तक निघालं. त्यात या खेळाला दीड पान होतं, पैकी अर्धं वाळवीनं खाल्लेलं. उरलेल्यातून समजलं की चेंडू एका टोपलीत टाकायचा असतो आणि त्या टोपलीला तळ नसतो. मी हे माझ्या बायकोला, नीलम्माला सांगितलं. ती लसूण सोलत होती.

"मग टाकायचा कशाला?" ती म्हणाली.

हा प्रश्न मलाही पडला होता, पण मी अभ्यासक असल्यामुळे बोललो नाही.

शेजारी उत्तरेश्वर सर राहतात, झेडपीच्या शाळेत आहेत. त्यांनी मोबाईलवर मला दोन सामने दाखवले. कधी टोपलीत पडलं की दोन गुण, कधी तीन, कधी एक. हे कुणाच्या मर्जीवर चालतं, असं मी विचारलं. सरांनी समजावलं. मी मान हलवली. त्यांनी पुन्हा समजावलं. मी पुन्हा हलवली. शेवटी मान दुखायला लागली म्हणून मी उठून आलो.

तरी अंदाज लिहिला. चार पानं भरली. वानगीदाखल सांगतो. 'लखनौचा संघ अनुभवी खेळाडूंचा आहे असे समजते. तथापि अनुभव दर वेळी उपयोगी पडतोच असे नाही. बेंगळूरचा संघ सर्वांत बलवान मानला जातो. तथापि मानणारे कोण, याचा उलगडा झाला नाही.' नागपूरविषयी मी सर्वांत लांब लिहिलं होतं. त्यात ईश्वरीच्या उंचीचा, चिकाटीचा आणि लहानपणी तिनं शेवग्याच्या शेंगा काठीशिवाय तोडल्याचा उल्लेख होता. ते वाचलं गेलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ते तिसऱ्या पानावर होतं.

पाडव्याला देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. ऊसतोडीच्या टोळ्या नुकत्याच कारखान्यांवरून परत आल्या होत्या. पंचांग झालं. उत्तरेश्वर सरांनी उठून जाहीर केलं, की आता आप्पा नातीच्या बास्केटबॉल हंगामाचं भविष्य सांगतील. 'अंदाज', मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही. मी वाचायला लागलो. पहिलं पान संपतं न संपतं तोच पुढं बसलेला म्हाळू हलायला लागला. स्टँडवर त्याचं हॉटेल आहे, शिवाय तो टोळीचा मुकादम, त्यामुळे त्याला लांबलेलं बोलणं सोसत नाही.

"आप्पा, हे 'तथापि' अजून किती हायेत?"

"पाच-सहा असतील."

"ऱ्हाऊ द्या ते. सर, तुमी नुसती संघांची नावं सांगा. काय काय हायेत?"

सरांनी मोबाईल काढला. "बेंगळूर टस्कर्स. म्हणजे हत्ती. कोची बफेलोज. म्हणजे म्हैस. लखनौ फॉक्सेस. कोल्हा."

गर्दीत चुळबुळ झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "ही तर सगळी वाहनं हायेत बे."

"आन् आपल्या पोरीचं काय? मस्टँग म्हंजी?" म्हाळूनं विचारलं.

"घोडा," सर म्हणाले. "रानघोडा."

म्हाळू माझ्याकडे वळला. "आप्पा, घोड्याला काय असतंय?"

आता इतकी वर्षं तेच वाक्य वाचल्यावर माणसाचं काय होणार? शिंक यावी तसं ते बाहेर पडलं, तेही खणखणीत आवाजात.

"घोडा वाहन असता पाऊस पर्वतावर."

मागच्या खांबाशी उभा असलेला अमरनाथ पुढं आला. "सर, यांचा एखादा सामना डोंगराकडं हाय का?"

सरांनी बोट फिरवलं. "डेहराडूनला एक आहे."

"म्हंजी तेवढा एक जिंकणार," म्हाळू म्हणाला. "बाकी कोरडं."

"तसं नाही," मी म्हणालो, "माझ्या म्हणण्याचा अर्थ..." आणि घाम फुटला. उरलेली तीन पानं माझ्या हातात ओली झाली.

"आप्पा, पंचांग मागं घेता येत न्हाई," म्हाळू समजुतीनं म्हणाला. "ते काय गिऱ्हाइकाचं बिल हाय का?"

चैत्र संपता संपता हंगाम सुरू झाला. पहिला सामना नागपूर नागपुरातच हरलं. म्हाळूनं माझ्या घरी भज्यांचा पुडा पाठवला. दुसरा सामना कोचीला म्हशींनी जिंकला, आणि स्टँडवर दोन अनोळखी माणसांनी मला वाकून नमस्कार केला. तिसऱ्या पराभवानंतर एक जण घोड्यावरून आठवलं म्हणून विचारायला आला, की जीप विकू का ठेवू. मी म्हणालो, मला यातलं कळत नाही. तो हात जोडून म्हणाला, "मोठी मानसं असंच म्हणत्यात."

मी आयुष्यभर मानासाठी तरसलो नाही असं म्हणणार नाही. वाचनालयात नवीन पुस्तक आलं की पहिली नोंद माझी असावी एवढा मान मला पुरे होता. पण नात हरते आणि आपला मान वाढतो, हा प्रकार माझ्या समजण्यापलीकडचा होता. बाजारात कडूबाईनं मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नातीला हरवून आजा मोटा झाला. असला आजा म्या न्हाई बघितला." मेथी घ्यावी की परत द्यावी हे कळेना, म्हणून मी ती घेतली आणि माझी छत्री तिथंच विसरून आलो.

त्याच संध्याकाळी ईश्वरीचा फोन आला. पाडव्याला देवळापुढे कुणीतरी व्हिडिओ काढला होता, तो तिच्यापर्यंत पोचला होता.

"आप्पा, मी तुम्हाला दोन शब्द चांगले बोला म्हणलं होतं."

"तिसऱ्या पानावर होते गं."

मग ती म्हणाली, "परवा चेंडू हातात घेतला. समोर कुणीच नव्हतं, नुसता टाकायचा होता. आणि मला म्हाळूकाकांचा आवाज ऐकू आला. घोड्याला काय असतंय. चुकला चेंडू."

फोनवर वाचून दाखवता येईल असं जवळ काही नव्हतं.

डेहराडूनचा सामना मात्र त्यांनी जिंकला. म्हाळूच्या हॉटेलात मोबाईलभोवती गाव जमलं होतं. ईश्वरीनं शेवटी शेवटी दोनदा टोपली गाठली आणि बाहेर फटाके वाजले. मला आनंद झाला, पण फटाके तिच्यासाठी नव्हते, माझ्यासाठी होते. आणि गावानं ठरवून टाकलं, की डोंगर झाला, पाऊस झाला, आता पुढं काही नाही. खरोखर पुढचे सामनेही गेले.

शेवटचा राहिला. तो बेंगळूरला, हत्तींच्या घरात. लखनौचे कोल्हेही एकच सामना जिंकले होते आणि गुणांच्या फरकात पुढे होते, पण त्यांचा हंगाम संपला होता. म्हणजे बेंगळूरला जिंकलं तर ईश्वरीचा संघ कोल्ह्यांच्या वर जाणार आणि हरलं तर तळाला राहणार. हे उत्तरेश्वर सरांनी मला तीनदा सांगितलं आणि पहिल्यांदाच या खेळातलं काहीतरी मला पूर्ण समजलं. समजलं नसतं तर बरं झालं असतं. अमरनाथनं लातूरला फोन करून सोमवारी पाहायला या म्हणून सांगून टाकलं होतं.

नीलम्मा जेवायला वाढताना म्हणाली, "पोरगी तुमच्या तोंडानं बांधली गेलीय. तुमच्याच तोंडानं सोडवा."

"तोंडानं मला जमत नाही, तुला माहीत आहे."

"मग वाचा कायतरी."

मी विचाराला लागलो. घोड्याला पाऊस डोंगरावर, हे तर छापलेलं आहे. ते बदलता येत नाही. पण डोंगर म्हणजे काय, हे कुठं छापलंय? पूर्वी एका प्रवासवर्णनात वाचलं होतं, की बेंगळूरला उन्हाळ्यातसुद्धा गारवा असतो. गारवा का? उंचीमुळे. मी वाचनालयात जाऊन नकाशांचं पुस्तक काढलं. कर्नाटकाचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. सरांच्या मोबाईलवर विचारता आलं असतं, पण सरांना विचारलेलं संध्याकाळपर्यंत स्टँडवर जातं.

तेव्हा आठवलं, की रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आपल्या तालुक्यावरून बेंगळूरची गाडी जाते. म्हणजे स्टेशनावर कुणाला तरी बेंगळूरची उंची माहीत असणारच. एसटीनं गेलो. चौकशीच्या खिडकीत बसलेल्या बाईंना विचारलं.

"बेंगळूर किती?"

"गाडी रात्री आहे."

"गाडी नको. उंची किती?"

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आजोबा, सोबत कोण आहे?"

तिथून मी फलाटावर गेलो. निदान तालुक्याची उंची तरी लिहून घ्यावी म्हणून पाटीसमोर उभा राहून कागदावर आकडा उतरवला, तेव्हा मागून काठी आपटल्याचा आवाज आला. रेल्वे पोलीस होता. फलाट तिकीट कुठे, असं त्यानं विचारलं. मी काढलंच नव्हतं. पुस्तकी माणसाला वाटतं, पाटी वाचायला तिकीट कशाला. मग त्यानं विचारलं, स्टेशनाची माहिती कशाला लिहून घेताय. मला घाम फुटला. घाम फुटलेला म्हातारा आणि हातात आकडे लिहिलेला कागद, म्हणजे झालंच. तो मला स्टेशन मास्तरांसमोर घेऊन गेला.

मास्तर बिदरकडचे होते, चहा पीत होते. "बेंगळूरची उंची कशाला पाहिजे?"

"नातीचं लग्न मोडायचं आहे," मी म्हणालो. घाईत माणूस खरं बोलतो.

मास्तरांनी कप खाली ठेवला. "मुलगा बेंगळूरचा आहे?"

"नाही, लातूरचा."

"मग बेंगळूर कुठं आलं मधे?"

"तिथं हत्ती आहेत."

पोलीस म्हणाला, "साहेब, घरच्यांचा नंबर घेऊ का?"

शेवटी मी खिशातलं पंचांग काढून घोड्याचं वाक्य त्यांना वाचून दाखवलं. हातात कागद आल्यावर माझा आवाज सुधारला, आणि पाठोपाठ सगळी हकिगतही सांगता आली. मास्तरांना पंचांगातलं कळत होतं. ते हसले नाहीत. "माझी बेंगळूरला नोकरी झालीय," ते म्हणाले. "नऊशे मीटरच्या आसपास आहे. डेहराडून सव्वासहाशे-साडेसहाशे असेल. कुठल्याही स्टेशनाच्या पाटीवर बघा." आणि पोलिसाकडे वळून म्हणाले, "यांना चहा सांग."

म्हणजे ज्या गावाला आम्ही सगळे डोंगर समजत होतो, त्याच्यापेक्षा बेंगळूर उंच. मला एवढं गोंधळल्यासारखं झालं की परतताना एसटीतून मी चुकीच्या थांब्यावर उतरलो.

सामन्याच्या दिवशी सकाळी मी म्हाळूच्या हॉटेलात गेलो. गर्दी होती. अमरनाथही होता. मी खिशातून पंचांग काढलं, हाताला लागेल ते पान उघडलं आणि पुस्तक डोळ्यांसमोर धरलं. धरलं की आवाज आपोआप आला.

"घोडा वाहन असता पाऊस पर्वतावर. पर्वत म्हणजे समुद्रसपाटीपासून उंच प्रदेश. बेंगळूर हे डेहराडूनहून उंच आहे. सबब बेंगळुरास घोड्याला पाऊस आहे."

भजी तळणाऱ्यानं झारा तसाच वर धरला.

"बेंगळूरला डोंगर कुठं हाय?" म्हाळू म्हणाला. "माजी टोळी गेलती तिकडं. सपाट हाय."

"सपाट आहे, पण वर आहे," मी पुस्तकातून म्हणालो. "टेबलावरचं ताट सपाटच असतं."

"आन् हत्तीचं काय? हत्तीला भरपूर असतोय."

याची तयारी मी केली नव्हती. मी पान उलटलं, आणि काय सांगू, उत्तर आलं. "हत्ती डोंगरावर दमतो."

म्हाळूनं बराच वेळ विचार केला. मग मोबाईल काढून पोरीला फोन लावला. "ईश्वरी, म्हाळूकाका बोलतोय. ऐक. बेंगळूर डोंगरात धरलंय बरं का. आप्पानं वाचलंय. आता कावून घाबरती? टाक बिनधास्त."

ती काय म्हणाली हे मला ऐकू आलं नाही. म्हाळू मात्र फोन ठेवून म्हणाला, "हसली."

सामना मी पाहिला नाही. मी देवळात बसलो होतो, कारण हॉटेलात सगळे माझ्याकडेच बघत होते. अंधार पडल्यावर स्टँडकडून फटाके ऐकू आले. आता फटाके जिंकल्यावरही वाजतात आणि माझं पाडव्याचं भविष्य खरं झालं म्हणून हरल्यावरही वाजले असते, त्यामुळे मी काही वेळ तसाच बसून राहिलो. मग कडूबाई माझी छत्री घेऊन आली. "घ्या," म्हणाली. "जिकली तुमची पोरगी. शेवटचा चेंडू तिनंच टाकला म्हनं. लई उंच हाय बया." आणि जाताना तिनं मला वाकून नमस्कार केला, जो मला नको होता, पण छत्री हवी होती.

घरी आलो तर अमरनाथ ओसरीवर लातूरशी बोलत होता. "नाही हो, आमच्याकडून काहीच नाही. पंचांगातच योग निघाला नाही. यंदा राहू द्या." फोन ठेवून तो माझ्याजवळ बसला.

"आप्पा, बेंगळूर उंच हाय, हे तुमाला कधी कळलं?"

"परवा."

"मला दोन वर्षं झाली. खत कंपनीच्या मीटिंगला गेलतो तवा स्टेशनावर पाटी वाचली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"मी बाप हाय. मी शब्द दिलता. मी मोडला तर तोंड वाकडं होतंय. पंचांगानं मोडला तर कुणी काय बोलत न्हाई." त्यानं फोन खिशात टाकला. "तुमी बोलाल का न्हाई, हेच बघत होतो. बोलला."

मला काय वाटलं ते मला सांगता येत नाही, आणि वाचून दाखवण्यासारखंही काही जवळ नव्हतं. नीलम्मा आतून म्हणाली, "जेवायला या."

अमरनाथ उठला. दारात थांबून म्हणाला, "पुढच्या हंगामात ईश्वरीच्या संघाचं नाव बदलनार हायेत. रायनोज. म्हंजी गेंडा. गेंड्याला पाऊस कसा असतोय?"

"गेंडा पंचांगात नाही," मी म्हणालो.

"बघा की," अमरनाथ म्हणाला. "आज तुमी वाचत होता, त्या दंतमंजनाच्या जाहिरातीखाली असंल."